ऑब्जेक्ट डायग्राम: क्लास पक्के करण्याआधी एक क्षण कागदावर मांडा

सॉफ्टवेअर डिझाइन शिकायला लागलं की क्लास डायग्राम लगेच समोर येतो. चौकटी, त्यांना जोडणाऱ्या रेषा, रेषांच्या टोकांना ‘१’ नाहीतर ‘*’. क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातली एक प्रत्यक्ष वस्तू. ऑब्जेक्ट डायग्राम मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या पानात उरकतात आणि पुढे कुणी त्याचं नावही घेत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. नवशिक्याने आधी ऑब्जेक्ट काढावेत आणि त्यांतून क्लास शोधावेत, असं माझं ठाम मत आहे. का, ते या लेखात एकाच उदाहरणावर, पायरी पायरीने दाखवतो.

थोडी पार्श्वभूमी. ऑब्जेक्ट डायग्राम हा यूएमएलचा, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज या सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडणाऱ्या भाषेचा भाग आहे. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र येऊन यूएमएल घडली आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. डिसेंबर २०१७ च्या २.५.१ या आवृत्तीत एकूण १४ प्रकारचे डायग्राम आहेत. त्यांतले सात रचना दाखवणारे, आणि ऑब्जेक्ट डायग्राम त्या सातांपैकी एक.

क्लास डायग्राम म्हणजे व्याकरण आणि ऑब्जेक्ट डायग्राम म्हणजे त्या व्याकरणाने लिहिलेलं एक वाक्य. व्याकरणात न चुकलेलं वाक्यही निरर्थक असू शकतं, आणि ते निरर्थक आहे हे वाक्य वाचल्यावरच कळतं, नियम पाठ करून नाही. क्लास डायग्राम सांगतो की काय काय असू शकतं. ऑब्जेक्ट डायग्राम सांगतो की अमुक एका क्षणी नेमकं काय होतं: कोणते ऑब्जेक्ट होते, त्यांच्यात कोणत्या किमती होत्या, कोण कुणाला जोडलेलं होतं.

## उदाहरण

एका संस्थेत उपकरणं वापरायला देणारा विभाग आहे. प्रोजेक्टर, कॅमेरे, ट्रायपॉड वगैरे. लोक उपकरण नेतात, मुदतीत परत करतात, शिल्लक नसेल तर मागणी नोंदवून ठेवतात. याचं सॉफ्टवेअर करायचं आहे.

पहिला विचार सहसा असा असतो: ‘व्यक्ती’ नावाचा क्लास, ‘उपकरण’ नावाचा क्लास, मध्ये ‘नेलं आहे’ असं असोसिएशन, म्हणजे दोन क्लासमधलं नातं. एका व्यक्तीकडे कितीही उपकरणं असू शकतात, म्हणून उपकरणाच्या टोकाला ‘*’. एक उपकरण एका वेळी फार तर एका व्यक्तीकडे, म्हणून व्यक्तीच्या टोकाला ‘०..१’. उपकरणाचे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे त्याच्याबद्दल साठवायचे गुण: प्रकार, मॉडेल, सेवा_महिने (किती महिन्यांनी सर्व्हिसिंग करायचं), अनुक्रमांक, परतीची_मुदत.

वाचून काही खटकत नाही. दहा जणांच्या बैठकीत दाखवलं तर दहाही जण मान डोलावतील. आता हेच ऑब्जेक्टमध्ये उतरवून पाहू.

## पायरी १: क्षण निवडा, आणि प्रश्नही

‘सिस्टीमचा ऑब्जेक्ट डायग्राम’ असं काही नसतं. सिस्टीम चालू असताना हजारो क्षण येतात, आणि आपण काढतो तो त्यांतल्या एकाचा. म्हणून आधी तो क्षण साध्या वाक्यांत लिहून घ्या. आपला क्षण असा:

‘१० मे, सकाळ. एकाच मॉडेलचे तीन प्रोजेक्टर आहेत. एक मीराकडे आहे, एक इरफानकडे, एक कपाटात. जयाला १३ मे रोजी एक प्रोजेक्टर हवा आहे, कोणताही चालेल.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. प्रश्नाशिवाय काढलेला डायग्राम नुसती सजावट होते. इथे प्रश्न आहे: जयाची मागणी आपल्या क्लासमध्ये कुठे बसते?

क्षण निवडताना सगळं सुरळीत चाललेला क्षण टाळा. मुदत उलटलेली, वस्तू कमी आणि माणसं जास्त, अर्धवट राहिलेला व्यवहार असे क्षण घ्या. डिझाइनची खरी परीक्षा तिथे होते.

## पायरी २: ऑब्जेक्टच्या चौकटी काढा

प्रत्येक ऑब्जेक्टसाठी एक आयत. वरच्या कप्प्यात आधी ऑब्जेक्टचं नाव, मग अपूर्णविराम म्हणजे कोलन (:), मग क्लासचं नाव. आणि हे सगळं अधोरेखित. अधोरेखा ही यूएमएलमधली खूण आहे. ती दिसली की वाचणाऱ्याला कळतं की हा क्लास नाही, त्या क्लासचं एक इन्स्टन्स, म्हणजे एक प्रत्यक्ष वस्तू आहे. काही साधनं ही रेघ आपोआप देत नाहीत, तेव्हा स्वतः पाहून घ्या.

नाव तीन प्रकारे लिहिता येतं. ‘मीरा : व्यक्ती’ हे पूर्ण रूप. ‘: व्यक्ती’ म्हणजे कोणीतरी एक व्यक्ती, तिच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. आणि नुसतं ‘मीरा’ लिहिलं तर क्लास अजून ठरलेला नाही. हे तिसरं रूप सुरुवातीला फार उपयोगी पडतं, कारण क्लास शोधण्याच्या टप्प्यावर ‘ही वस्तू नेमकी काय आहे’ हे ठाऊक नसणं स्वाभाविक असतं. तिला कागदावर जागा द्या, क्लास नंतर लिहा.

नावाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘प्र१’ हे चित्रातलं नाव आहे, बोलताना बोट ठेवण्यासाठी. ते डेटाबेसमधलं मूल्य नाही. माणसाचं नाव साठवायचं असेल तर ते अ‍ॅट्रिब्यूट म्हणून वेगळं लिहावं लागतं.

## पायरी ३: किमती भरा

चौकटीच्या खालच्या कप्प्यात ‘अ‍ॅट्रिब्यूट = किंमत’ अशा ओळी येतात. यूएमएलमध्ये अशा प्रत्येक जागेला स्लॉट म्हणतात. सगळे अ‍ॅट्रिब्यूट लिहायची सक्ती नाही. प्रश्नाशी संबंध असलेले लिहा, बाकीचे सोडा. क्लासच्या चौकटीत तिसरा कप्पा असतो तो मेथड्सचा, म्हणजे त्या क्लासला करता येणाऱ्या क्रियांचा, पण ऑब्जेक्टच्या चौकटीत तो नसतो. मेथड्स क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टना सारख्याच लागू असतात, त्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये परत लिहून काही साधत नाही.

किमती मात्र खऱ्यासारख्या लिहा. ‘मॉडेल = अबक’ असं लिहून काहीच कळत नाही. आपले तीन प्रोजेक्टर असे दिसतात:

प्र१ : उपकरण
– प्रकार = "प्रोजेक्टर"
– मॉडेल = "पी-४०"
– सेवा_महिने = ६
– अनुक्रमांक = "००१७"
– परतीची_मुदत = १२ मे

प्र२ : उपकरण
– प्रकार = "प्रोजेक्टर"
– मॉडेल = "पी-४०"
– सेवा_महिने = ६
– अनुक्रमांक = "००१८"
– परतीची_मुदत = (रिकामी)

प्र३ : उपकरण
– प्रकार = "प्रोजेक्टर"
– मॉडेल = "पी-४०"
– सेवा_महिने = ६
– अनुक्रमांक = "००१९"
– परतीची_मुदत = १४ मे

(कागदावर पहिली ओळ अधोरेखित असेल.)

हे लिहिताना हात कंटाळतो, आणि त्या कंटाळ्याकडे लक्ष द्या. पहिल्या तीन ओळी तिन्ही चौकटींत अक्षरशः त्याच आहेत. सर्व्हिसिंग सहाऐवजी चार महिन्यांनी करायचं ठरलं तर तीन ठिकाणी बदलावं लागेल, आणि एखादं राहून गेलं तर एकाच मॉडेलच्या दोन प्रोजेक्टरना दोन वेगळे नियम लागतील. अनेक ऑब्जेक्टमध्ये किमतींचा एक गठ्ठा जसाच्या तसा येत असेल, तर तिथे एक क्लास लपलेला आहे. इथे तो ‘उपकरणप्रकार’: मॉडेल, सेवा_महिने वगैरे त्याच्याकडे. आणि अनुक्रमांक असलेली, हातात घेता येणारी वस्तू म्हणजे ‘नग’.

आता शेवटचा स्लॉट पाहा. प्र२ कपाटात आहे, म्हणून त्याची परतीची मुदत रिकामी. रिकामी ठेवता येईल, भाषा परवानगी देते. पण परतीची मुदत हा प्रोजेक्टरचा गुण आहे का? तो कुणीतरी नेल्याशिवाय त्याला मुदतच नसते. मुदत आहे ती नेण्याच्या व्यवहाराची. ऑब्जेक्ट एका अवस्थेत असला की जो स्लॉट हमखास रिकामा राहतो, तो बहुधा दुसऱ्या कुणाचा असतो. इथे तो ‘वाटप’ या क्लासचा आहे: कोणाला दिलं, कधी दिलं, कधीपर्यंत, आणि परत कधी आलं.

राहिली जया. तिला ‘कोणताही’ प्रोजेक्टर हवा आहे. जुन्या क्लासमध्ये तिच्यापासून रेषा काढायला गेलात तर ती प्र१, प्र२ की प्र३ कडे न्यायची हे ठरत नाही, कारण तिची मागणी एका नगाची नाहीच. उपकरणप्रकार वेगळा झाल्याबरोबर रेषेला जागा मिळते: मागणी जोडली जाते प्रकाराला, वाटप जोडलं जातं नगाला.

क्लास डायग्रामकडे तासभर पाहूनही हे तीन शोध लागतीलच असं नाही. तीन चौकटी भरल्यावर ते टाळता येत नाहीत.

## पायरी ४: लिंक जोडा

दोन ऑब्जेक्टमधली साधी सरळ रेषा म्हणजे लिंक. क्लास आणि ऑब्जेक्ट यांचं जे नातं, तेच असोसिएशन आणि लिंक यांचं. नवीन क्लास घेऊन तोच क्षण पुन्हा मांडू:

पी४० : उपकरणप्रकार (मॉडेल = "पी-४०", सेवा_महिने = ६)
न१७ : नग (अनुक्रमांक = "००१७")
न१८ : नग (अनुक्रमांक = "००१८")
न१९ : नग (अनुक्रमांक = "००१९")
वा१ : वाटप (मुदत = १२ मे, परत_आलं = रिकामी)
वा२ : वाटप (मुदत = १४ मे, परत_आलं = रिकामी)
मा१ : मागणी (हवं_तारीख = १३ मे)
मीरा : व्यक्ती, इरफान : व्यक्ती, जया : व्यक्ती

लिंक: न१७, न१८, न१९ तिन्ही पी४० ला. वा१ मीराला आणि न१७ ला. वा२ इरफानला आणि न१९ ला. मा१ जयाला आणि पी४० ला.

लिंकच्या टोकाला ‘१’ किंवा ‘*’ लिहायचं नाही. ही चूक नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक चित्रात दिसते. मल्टिप्लिसिटी, म्हणजे किती ऑब्जेक्ट जोडले जाऊ शकतात ते सांगणारी ही खूण, हा नियम आहे, तो क्लास डायग्रामवर शोभतो. इथे नियम नाही, वस्तुस्थिती आहे. तीन नग असतील तर तीन रेषा दिसतात, मोजून घ्या. दोन क्लासमध्ये एकाहून अधिक असोसिएशन असतील, उदाहरणार्थ व्यक्ती आणि वाटप यांच्यात ‘नेणारी’ आणि ‘देणारी’ अशी दोन, तर लिंकवर नाव किंवा टोकाला भूमिका जरूर लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो.

डेटाबेसची सवय असलेले लोक आणखी एक गोष्ट करतात. वाटपाच्या चौकटीत ‘व्यक्ती_आयडी = ४२’ असा स्लॉटही लिहितात आणि मीराकडे रेषाही काढतात. एकच गोष्ट दोनदा सांगू नका. रेषा पुरेशी आहे, आयडी हा टेबलांच्या पातळीवरचा तपशील आहे.

## पायरी ५: क्लास डायग्रामशी ताडून पाहा

दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि एकेक लिंक घ्या. तिच्यासाठी क्लास डायग्राममध्ये असोसिएशन आहे का? नसेल तर एक तर लिंक चुकली, नाहीतर असोसिएशन राहून गेलं. मग एकेक ऑब्जेक्ट घ्या आणि त्याच्यातून निघणाऱ्या रेषा मोजून मल्टिप्लिसिटीत बसतात का ते पाहा. प्रत्येक वाटपाला नेमकी एक व्यक्ती आणि नेमका एक नग असं ठरवलं असेल, तर ज्या वाटपाला नगाची रेषा नाही ते चित्र नियमबाह्य आहे.

इन्हेरिटन्सबद्दल, म्हणजे एका क्लासचे गुण त्याच्या उपक्लासकडे येण्याबद्दल, दोन शब्द. ‘कॅमेरा’ हा ‘नग’चा उपक्लास केला, तर काही जण ऑब्जेक्ट डायग्राममध्ये नगाची एक चौकट आणि कॅमेऱ्याची दुसरी अशा दोन काढून मध्ये पोकळ त्रिकोणाचा बाण देतात. तसं करू नका. तो बाण क्लासमधलं नातं दाखवतो. प्रत्यक्षात वस्तू एकच असते: ‘क५ : कॅमेरा’. वरच्या क्लासकडून आलेले स्लॉटही त्याच चौकटीत लिहायचे.

## पायरी ६: घडू नये त्याचं चित्र काढा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. आतापर्यंत आपण ‘हे शक्य आहे ना?’ असं विचारत होतो. आता उलट विचारा: जे कधीच घडता कामा नये असं एखादं चित्र माझ्या क्लास डायग्रामच्या नियमांत बसतं का? बसत असेल, तर तुमच्या नियमांत भोक आहे आणि ते कुठे आहे हे ते चित्रच दाखवतं.

पहिलं चित्र. न१७ ला दोन वाटपं जोडा, वा१ मीराचं आणि वा३ जयाचं, आणि दोन्हींचं ‘परत_आलं’ रिकामं ठेवा. म्हणजे एक प्रोजेक्टर एकाच वेळी दोघींकडे. क्लास डायग्राम काय म्हणतो? एका नगाला कितीही वाटपं, कारण जुन्या वाटपांचा इतिहास ठेवायचा आहे. चित्र नियमात बसतं! ‘*’ काढून ‘०..१’ केलं तर इतिहास जातो. म्हणजे हा नियम मल्टिप्लिसिटीत मावतच नाही, तो वेगळा लिहावा लागतो: ‘एका नगाच्या वाटपांपैकी परत न आलेलं फार तर एक.’ यूएमएलबरोबर ओसीएल (ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज) नावाची औपचारिक भाषा अशा अटींसाठीच आहे, पण सुरुवातीला महिरपी कंसात साधं मराठी वाक्य लिहिलं तरी काम भागतं. ते कुठेतरी लिहिलेलं असणं महत्त्वाचं.

दुसरं चित्र. समजा मागणी पूर्ण झाली की तिला वाटप जोडायचं असं ठरलं. मा१ जोडलेली आहे पी४० ला, म्हणजे प्रोजेक्टरला. आता मा१ ला वा४ जोडा, वा४ ला क५ हा कॅमेरा जोडा, आणि क५ ला त्याचा प्रकार. जयाने प्रोजेक्टर मागितला, तिला कॅमेरा दिला, आणि सिस्टीमच्या लेखी मागणी पूर्ण झाली. यातली एकही रेषा नियम मोडत नाही.

इथे थोडं थांबा, कारण हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटणार आहे. क्लास डायग्राममध्ये मागणीपासून उपकरणप्रकारापर्यंत जायला दोन वाटा आहेत: एक थेट, दुसरी वाटप आणि नग यांच्यावरून. क्लासच्या चित्रात दोन्ही वाटा एकाच चौकटीपाशी पोहोचतात, म्हणून सगळं जुळल्यासारखं वाटतं. ऑब्जेक्टच्या चित्रात त्या दोन वेगळ्या ऑब्जेक्टपाशी पोहोचू शकतात. क्लास डायग्राममध्ये असं बंद वेटोळं दिसलं की ऑब्जेक्ट काढून विचारायचं: दोन्ही वाटा एकाच ऑब्जेक्टपाशी पोहोचल्या पाहिजेत का? कधी उत्तर ‘हो’ असतं, मग अट लिहायची. कधी ‘नाही’ असतं, कारण पर्यायी मॉडेल दिलं तरी चालतं असं विभागाचं धोरण असतं. उत्तर तुम्ही ठरवू नका. चित्र घेऊन त्या विभागातल्या माणसाकडे जा. क्लास डायग्राम त्यांना कदाचित वाचता येणार नाही, पण ‘जयाने हा मागितला, तिला हा दिला, चालेल का?’ हे कुणालाही कळतं.

तिसरं चित्र स्वतःशीच जोडलेल्या क्लासचं. कॅमेऱ्याच्या किटमध्ये लेन्स, बॅटरी, चार्जर असे नग असतात, म्हणून ‘नग’ क्लासला स्वतःकडेच येणारं ‘भाग’ असं असोसिएशन दिलं. एका नगाचे कितीही भाग, एक भाग फार तर एका नगाचा. क्लास डायग्राममध्ये हे एका चौकटीला आलेलं एक वळण एवढंच दिसतं आणि त्यातून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. ऑब्जेक्ट काढले की झाड दिसतं: वर किट, खाली तीन नग. मग घडू नये ते काढा: किटचा भाग लेन्स, आणि लेन्सचा भाग किट. प्रत्येकाला फार तर एकच पालक, नियम पाळला गेला, तरी वर्तुळ तयार झालं. ‘किटमधले सगळे भाग मोजा’ असा रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा कोड या चित्रावर कधीच थांबणार नाही. असोसिएशनला कॉम्पोझिशनचा, म्हणजे ‘हा भाग त्या पूर्ण वस्तूच्याच मालकीचा’ असं सांगणारा काळा हिरा दिला तर यूएमएलच्या अर्थाने असं वर्तुळ चालत नाही, हे खरं. पण डेटाबेसला त्या काळ्या हिऱ्याची माहिती नसते. तपासणी कोडमध्ये लिहावीच लागते.

## पायरी ७: आधीचं आणि नंतरचं

ऑब्जेक्ट डायग्राममध्ये काळ पुढे सरकत नाही. पण दोन क्षण शेजारी ठेवले की त्यांच्यातला फरक म्हणजे मधल्या क्रियेने काय केलं त्याची पूर्ण यादी असते. मीरा प्रोजेक्टर परत करते. आधी वा१ चं ‘परत_आलं’ रिकामं; नंतर ‘परत_आलं = ११ मे’. वा१ चे लिंक तसेच राहतात, कारण इतिहास हवा आहे. जयाची मागणी पुढच्या क्रमांकावर असेल तर मा१ मध्ये ‘राखीव_तारीख = ११ मे’ हा स्लॉट भरतो. ‘परत घ्या’ या मेथडने एवढंच करायचं आणि हे सगळं एकत्र करायचं. अर्धं झालं आणि अर्धं राहिलं तर चालणार नाही. ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्रच पूर्ण व्हायला हव्यात अशा बदलांच्या गटाची हद्द कुठे असावी हे या दोन चित्रांतून आपोआप पुढे येतं.

याच तुलनेत आणखी एक गोष्ट उघडी पडते. बरेच जण नगामध्ये ‘स्थिती = बाहेर’ असा स्लॉटही ठेवतात. मग परत घेताना दोन ठिकाणी बदल करावा लागतो, आणि ‘स्थिती = उपलब्ध, पण वाटप अजून उघडं’ असं चित्र शक्य होतं. दोन्हींपैकी खरं काय, हे सांगायला कुणी नाही. स्थिती वाटपांवरून काढता येत असेल तर ती साठवू नका. क्लास डायग्राममध्ये तिच्या नावापुढे तिरकी रेघ द्या (‘/स्थिती’). म्हणजे हा दुसऱ्या माहितीवरून काढलेला अ‍ॅट्रिब्यूट आहे हे कळतं.

## पायरी ८: चित्रातून टेस्टकडे

काढलेला प्रत्येक ऑब्जेक्ट डायग्राम म्हणजे एका टेस्टची तयार सुरुवात आहे. चौकटी म्हणजे तयार करायचे ऑब्जेक्ट, स्लॉट म्हणजे कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडला) द्यायच्या किमती, लिंक म्हणजे जोडण्या. टेस्टमधल्या व्हेरिएबलना चित्रातलीच नावं द्या, म्हणजे टेस्ट पडली की कोणत्या चित्रात काय बिघडलं ते लगेच कळतं. पायरी ६ मधली ‘घडू नये’ अशी चित्रं तर सोन्यासारखी आहेत: ती उभी करायचा प्रयत्न करा आणि सिस्टीमने नकार दिला पाहिजे असं टेस्टमध्ये लिहा.

कोड लिहिताना एका ठिकाणी चित्र आणि प्रोग्राम यांच्यात फरक पडतो, तेवढा ध्यानात ठेवा. चित्रात लिंक ही एक रेषा आहे. कोडमध्ये मात्र बहुतेक वेळा ती दोन फील्ड होते: वाटपात ‘नग’ आणि नगात ‘वाटपं’ ही यादी. एक बाजू भरली आणि दुसरी राहिली तर वाटपाला वाटतं मी या नगाचं आहे आणि नगाला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून जोडण्याचं काम एकाच मेथडकडे द्या आणि दोन्ही बाजू तिथेच भरा. शक्य असेल तर एकच बाजू ठेवा.

हीच नजर डीबगिंगलाही, म्हणजे कोडमधल्या चुका शोधण्यालाही लावता येते. प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर, म्हणजे ठरवलेल्या ओळीवर थांबवा, डीबगरमध्ये दिसणारे ऑब्जेक्ट कागदावर चौकटी म्हणून उतरवा, रेफरन्स रेषा म्हणून काढा. दोन ठिकाणी सारख्याच किमती दिसल्या तर तो एकच ऑब्जेक्ट आहे की तसेच दिसणारे दोन, हे मेमरीतल्या पत्त्यावरून तपासा. किटमधल्या दोन बॅटऱ्यांच्या सगळ्या किमती सारख्या असल्या तरी त्या दोन वेगळ्या चौकटी आहेत. आणि एकाच मीरासाठी चुकून दोन ऑब्जेक्ट तयार झाले असतील तर एकात बदललेला ईमेल दुसऱ्यात दिसणार नाही. ‘किंमत बदलली तरी स्क्रीनवर जुनीच का?’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण निघतं.

## किती, कशावर आणि किती काळ

एका चित्रात पाच ते दहा चौकटी भरपूर झाल्या. त्यापेक्षा जास्त लागत असतील तर बहुधा तुम्ही एकाच चित्रात दोन प्रश्न विचारत आहात. ते वेगळे करा. साधन म्हणून कागद किंवा फळा पुरतो. साठवून ठेवायचं असेल तर प्लँटयूएमएलसारखं मजकुरातून चित्र बनवणारं साधन बरं, कारण तो मजकूर कोडबरोबर ठेवता येतो आणि काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. अटी आपोआप तपासायची इच्छा झाली तर जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठात तयार झालेलं ‘यूज’ हे साधन पाहा. त्यात क्लास आणि ओसीएल अटी देऊन ऑब्जेक्ट मांडले की कोणती अट मोडते ते ते दाखवतं. पण ही पुढची गोष्ट. पहिल्या महिन्यात कागदच वापरा.

बहुतेक चित्रं टाकून द्यायची असतात. प्रश्न सुटला की त्यांचं काम संपलं. दोन प्रकारची मात्र ठेवा: नव्या सहकाऱ्याला व्यवहार समजावून सांगणारं एखादं नेहमीच्या कामाचं चित्र, आणि ‘घडू नये’ अशी चित्रं, ज्यांच्यामुळे एखादी अट लिहिली गेली. क्लास डायग्राम बदलला की ही ठेवलेली चित्रं पुन्हा एकदा नव्या नियमांशी ताडून पाहा. एखादं ‘घडू नये’ चित्र आता कोणत्याच अटीत अडकत नसेल, तर बदल करताना कोणती अट हातून सुटली ते लगेच सापडेल.